अपूर्णांकांचा गुणाकार

अपूर्णांकांचा गुणाकार ही अंकगणितातील एक मूलभूत क्रिया आहे. दोन व्यवहारी अपूर्णांकांचा गुणाकार करताना अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणतात. पहिला गुणाकार उत्तराचा अंश होतो व दुसरा उत्तराचा छेद. अक्षरांत मांडल्यास अ/ब × क/ड = (अ × क)/(ब × ड) असे हे सूत्र आहे. यात ब आणि ड यांपैकी कोणतीही संख्या शून्य असता कामा नये. उदाहरणार्थ, २/३ × ४/५ = ८/१५.

अर्थाच्या दृष्टीने ही क्रिया 'भागाचा भाग' काढण्याची आहे. एखाद्या वस्तूचा ४/५ भाग घेतला आणि त्या भागाचा पुन्हा २/३ भाग घेतला, तर मूळ वस्तूचा किती भाग हाती आला, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे वरील गुणाकार होय. चार मूलभूत क्रियांमध्ये अपूर्णांकांसाठी सर्वांत सोपा नियम गुणाकाराचाच आहे. बेरीज-वजाबाकीप्रमाणे येथे छेद समान करावे लागत नाहीत. मात्र नियम सोपा असल्यामुळेच तो बहुधा अर्थाशिवाय पाठ केला जातो आणि पुढे होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ तेथे असते.

गुणाकाराचा अर्थ

पूर्ण संख्यांचा गुणाकार ही पुनःपुन्हा केलेली बेरीज असते. ३ × ५ म्हणजे ५ ही संख्या तीन वेळा मिळवणे. गुणक पूर्ण संख्या असेल आणि गुण्य अपूर्णांक असेल, तर हाच अर्थ पुरतो : ३ × २/७ म्हणजे २/७ + २/७ + २/७, म्हणजेच ६/७. येथे केवळ अंश तिप्पट होतो. छेद हे भागाचे नाव आहे आणि सातवा हिस्सा तीन वेळा घेतला तरी तो सातवाच हिस्सा राहतो.

गुणक स्वतःच अपूर्णांक झाला की हा अर्थ अपुरा पडतो. एखादी संख्या 'दोनतृतीयांश वेळा' मिळवणे याला काहीच अर्थ नाही. तेथे गुणाकाराकडे 'इतक्या पट' या दृष्टीने पाहावे लागते. मराठी भाषेत ही सोय पूर्वापार आहे. दुप्पट, तिप्पट, चौपट या शब्दांतील 'पट' हाच प्रत्यय दीडपट, पाऊणपट आणि निमपट या शब्दांतही लागतो. आठाची पाऊणपट सहा होते, म्हणजे ३/४ × ८ = ६. बोलताना मराठी माणूस गुणाकार वाढवणारा आणि गुणाकार घटवणारा असा भेद करीत नाही. 'पट' दोहोंना लागू पडते. 'गुणाकाराने संख्या मोठीच होते' ही समजूत पूर्ण संख्यांच्या सवयीतून येते.

प्रत्यक्षात धन संख्यांच्या बाबतीत गुणक १ पेक्षा लहान असेल तर उत्तर गुण्यापेक्षा लहान येते, गुणक १ असेल तर तेवढेच राहते आणि १ पेक्षा मोठा असेल तर वाढते. दोन्ही अपूर्णांक छेदाधिक, म्हणजे १ पेक्षा लहान, असतील तर गुणाकार त्या दोहोंपेक्षाही लहान असतो. १/२ × १/३ = १/६ हे त्याचे साधे उदाहरण आहे : अर्ध्या भाकरीचा तिसरा हिस्सा हा अर्ध्या भाकरीपेक्षा लहान तर असतोच, पण अख्ख्या भाकरीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही लहान असतो.

नियमाचे कारण

नियम पटण्याचा सर्वांत सुलभ मार्ग क्षेत्रफळाचा आहे. प्रत्येक बाजू १ एकक असलेला चौरस घ्यावा. उभ्या रेघांनी त्याचे पाच समान पट्टे करून त्यांतील चार पट्टे रंगवावेत. ही चौरसाची ४/५ जागा झाली. आता आडव्या रेघांनी त्याच चौरसाचे तीन समान भाग करावेत आणि त्यांपैकी दोन भागांत येणारा रंगीत प्रदेश मोजावा. उभ्या-आडव्या रेघांमुळे संपूर्ण चौरसात ५ × ३ = १५ सारखी घरे तयार होतात, आणि निवडलेल्या प्रदेशात ४ × २ = ८ घरे येतात. म्हणून ४/५ चा २/३ भाग म्हणजे ८/१५. एकूण घरे किती हे छेदांचा गुणाकार सांगतो व त्यांतील निवडलेली किती हे अंशांचा गुणाकार सांगतो.

आकृतीशिवायही हाच विचार मांडता येतो. एखाद्या वस्तूचे पाच समान भाग केले आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा तीन समान भाग केले, तर संपूर्ण वस्तूचे पंधरा समान तुकडे होतात. म्हणून १/५ चा १/३ भाग १/१५ असतो. एकदा हे मान्य झाले की पुढचे काम मोजणीचे आहे : असे तुकडे २ × ४ म्हणजे आठ घ्यायचे आहेत.

बीजगणिताने दिलेली सिद्धता आणखी थोडक्यात होते. अ/ब ही संख्या य मानली तर ब × य = अ. क/ड ही संख्या र मानली तर ड × र = क. दोन्ही समीकरणांच्या डाव्या बाजूंचा व उजव्या बाजूंचा गुणाकार केल्यास (ब × ड) × (य × र) = अ × क मिळते. ब × ड शून्य नसल्यामुळे त्याने भागता येते आणि सूत्र हाती येते. या सिद्धतेत अपूर्णांक धन असण्याची अट नाही, म्हणून ऋण अपूर्णांकांनाही हाच नियम लागतो. चिन्हांचे नियम पूर्णांकांसारखेच राहतात.

अपूर्णांकाचे रूप बदलल्याने उत्तर बदलत नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. २/३ ऐवजी त्याचा सममूल्य अपूर्णांक ४/६ वापरला तर ४/६ × ४/५ = १६/३० येते, आणि त्याचे संक्षिप्त रूप पुन्हा ८/१५ हेच असते.

आकडेमोडीची रीत

गुणाकार करण्यापूर्वी अंश आणि छेद यांतील सामाईक विभाजक काढून टाकल्यास आकडे लहान राहतात. १४/१५ × २५/२८ या उदाहरणात सरळ गुणल्यास ३५०/४२० येते आणि नंतर संक्षेप करावा लागतो. त्याऐवजी १४ आणि २८ यांना १४ ने, तसेच २५ आणि १५ यांना ५ ने भागले असता १/३ × ५/२ उरते व उत्तर ५/६ लगेच मिळते. एका अपूर्णांकाचा अंश आणि दुसऱ्याचा छेद यांत असा काट देणे योग्य ठरते, कारण शेवटी सर्व अंश एकाच अंशात व सर्व छेद एकाच छेदात गुणक म्हणून येणार असतात. दोन अंशांमध्ये किंवा दोन छेदांमध्ये मात्र काट देता येत नाही. बेरजेतही ही युक्ती चालत नाही.

पूर्णांकयुक्त अपूर्णांक असतील तर त्यांना प्रथम अंशाधिक रूप देतात. अडीच गुणिले तीन पूर्णांक एकतृतीयांश हे उदाहरण ५/२ × १०/३ असे मांडले की उत्तर २५/३, म्हणजे ८ पूर्णांक १/३ येते. येथे विद्यार्थी पुष्कळदा पूर्णांकाला पूर्णांकाने आणि अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणून ६ पूर्णांक १/६ असे उत्तर लिहितात. उत्तर चुकते कारण (२ + १/२) आणि (३ + १/३) यांच्या गुणाकारात दोन नव्हे, चार पदे असतात : २ × ३ = ६, २ × १/३ = २/३, १/२ × ३ = ३/२ आणि १/२ × १/३ = १/६. मधली दोन पदे सोडून दिल्यामुळे २ पूर्णांक १/६ एवढा भाग हरवतो. अंदाजानेही चूक पकडता येते. अडीच वेळा तीन घेतले तरी साडेसात होतात. मग अडीच वेळा तीनहून अधिक घेऊन सहाच्या आसपास उत्तर येणे शक्य नाही.

दुसरी नेहमीची चूक बेरजेच्या सवयीतून होते. २/३ × ३/४ करताना छेद समान करून ८/१२ × ९/१२ असे लिहिणे अनावश्यक आहे, पण चूक नाही. त्यातून ७२/१४४, म्हणजे १/२ हे बरोबर उत्तर मिळते. चूक होते ती बेरजेप्रमाणे छेद तसाच ठेवून ७२/१२ लिहिण्याची. ते उत्तर ६ होते, आणि एकाहून लहान अशा दोन संख्यांचा गुणाकार सहा येणे अशक्य आहे.

गुणधर्म

अपूर्णांकांचा गुणाकार क्रमनिरपेक्ष आहे. पावाचा तिसरा हिस्सा आणि तिसऱ्या हिश्श्याचा पाव सारखेच. साहचर्य आणि बेरजेवरील वितरण हे गुणधर्मही पूर्ण संख्यांप्रमाणेच लागू होतात. पूर्ण संख्यांत नसलेला एक गुणधर्म मात्र येथे नव्याने मिळतो : शून्येतर प्रत्येक अपूर्णांकाला गुणाकार व्यस्त असतो. ५/७ चा गुणाकार व्यस्त ७/५ होय, कारण त्यांचा गुणाकार १ येतो. अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणतात, त्या रीतीचा आधार हाच आहे.

दशांश अपूर्णांकांतील दशांशचिन्हाचा नियमही या सूत्रातून निघतो. ०.३ × ०.२ म्हणजे ३/१० × २/१० = ६/१००, अर्थात ०.०६. चिन्हानंतरची स्थळे मिळवायची असतात, याचे कारण दहा व दहा या छेदांचा गुणाकार शंभर होतो.

व्यवहारातील उपयोग

एकामागून एक लागणारे हिस्से, सवलती किंवा शक्यता यांचा हिशेब गुणाकाराने होतो, बेरजेने नव्हे. दुकानदाराने किमतीवर २० टक्के सूट दिली आणि उरलेल्या रकमेवर आणखी १० टक्के सूट दिली, तर ग्राहकाला ४/५ × ९/१० = १८/२५, म्हणजे ७२ टक्के किंमत द्यावी लागते. एकूण सूट ३० नव्हे तर २८ टक्के असते. संभाव्यताशास्त्रातही परस्परांवर अवलंबून नसलेल्या दोन घटना एकत्र घडण्याची संभाव्यता अशीच काढतात; दोन फासे टाकले असता दोन्हींवर सहा येण्याची संभाव्यता १/६ × १/६ = १/३६ असते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात याचे सर्वांत परिचित आणि अनेकदा वादाचे ठिकाण जमिनीची वाटणी हे आहे. समजा, अडीच एकर शेतात एका व्यक्तीचा तिसरा हिस्सा होता आणि तिच्या पश्चात तो चार वारसांत समान वाटला गेला. प्रत्येक वारसाचा हिस्सा १/३ × १/४ = १/१२ होतो. अडीच एकरांचा बारावा भाग म्हणजे ५/२ × १/१२ = ५/२४ एकर. एका एकरात ४० गुंठे असतात, म्हणून हे क्षेत्र ८ पूर्णांक १/३ गुंठे, अर्थात ९,०७५ चौरस फूट भरते. जुन्या आणेवारीच्या भाषेत सोळा आण्यांपैकी हा हिस्सा एक आणा चार पै इतका झाला. (ज्या दस्तऐवजावर अशा नोंदी असतात त्या सातबारा उताऱ्यातील ७/१२ हा अपूर्णांक नव्हे, ते गाव नमुना क्रमांक सात आणि बारा यांचे एकत्र नाव आहे.) पिढ्या वाढतात तसा छेद गुणाकाराने वाढतो. चार-चार वारसांच्या तीन पिढ्यांत १/४ × १/४ × १/४ = १/६४ असा हिस्सा उरतो. जमीनधारणेचे तुकडे इतक्या झपाट्याने का होतात, हे या एका ओळीतून दिसते.

इतिहास

प्राचीन इजिप्तमध्ये २/३ सारखा अपवाद वगळता केवळ १ हा अंश असलेले अपूर्णांक वापरीत. इतर अपूर्णांक अशा अपूर्णांकांच्या बेरजेने लिहीत असल्यामुळे तेथे गुणाकारासाठी कोष्टके लागत, इ.स.पू. सुमारे १५५० मधील ऱ्हिंड पपायरसमध्ये असे कोष्टक आहे. चीनमधील 'गणितकलेचे नऊ अध्याय' या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात शेतांच्या क्षेत्रफळासंदर्भात आजचाच नियम येतो. ४/७ रुंद आणि ३/५ लांब शेताचे क्षेत्रफळ तेथे १२/३५ असे काढले आहे. वर वर्णिलेली चौरसाची आकृती आणि हे शेत यांत तत्त्वतः फरक नाही.

भारतात ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मधील 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात अंशांच्या गुणाकाराला छेदांच्या गुणाकाराने भागावे असा नियम दिला. भारतीय लेखनपद्धतीत अंश वर आणि छेद खाली लिहीत, पण मध्ये रेघ नसे. १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात असे लेखन आढळते. आडवी रेघ पुढे बाराव्या शतकातील अरबी गणितात आली आणि फिबोनाचीच्या १२०२ मधील ग्रंथातून युरोपात परिचित झाली.

भास्कराचार्यांनी (जन्म १११४) 'लीलावती' (११५०) या ग्रंथात भिन्नांच्या गुणाकाराला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तेथील एका उदाहरणात २ पूर्णांक १/७ ला २ पूर्णांक १/३ ने गुणायचे आहे. १५/७ × ७/३ अशी मांडणी केली की उत्तर नेमके ५ येते. वाचकाने काट द्यायला शिकावे म्हणूनच हे आकडे निवडलेले दिसतात. त्रैराशिकाच्या प्रकरणात अडीच पल केशराची किंमत ३/७ निष्क असल्यास नऊ निष्कांत किती केशर मिळेल, असा प्रश्न आहे. ५/२ × ७/३ × ९ = १०५/२, म्हणजे साडेबावन्न पल हे त्याचे उत्तर.

भागाच्या भागाला 'लीलावती'त 'प्रभागजाति' असे वेगळे नाव आहे आणि तेथील उदाहरण कंजूष दात्याचे आहे. याचकाला त्याने एका द्रम्माच्या निम्म्याच्या दोनतृतीयांशाच्या पाऊणपटीच्या पंचमांशाच्या सोळाव्या हिश्श्याचा पाव दिला, तर त्याने किती कवड्या दिल्या? १/२ × २/३ × ३/४ × १/५ × १/१६ × १/४ हा गुणाकार १/१२८० येतो. त्या ग्रंथातील परिमाणांनुसार एका द्रम्माचे १६ पण, एका पणाच्या ४ काकिणी आणि एका काकिणीच्या २० कवड्या होतात; १६ × ४ × २० = १२८०. म्हणजे एवढ्या शब्दवैभवानंतर याचकाच्या हाती एक कवडी पडली. गणितातील विनोद फारसे टिकत नाहीत. हा साडेआठशेहून अधिक वर्षे टिकला आहे, आणि तो कळण्यासाठी गुणाकार करावाच लागतो.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापन केलेल्या मठाच्या दानाचा १२०७ मधील शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

मराठी पाढ्यांची परंपरा

महाराष्ट्रातील पारंपरिक अंकगणितात अपूर्णांकांचे गुणाकार लेखी सूत्राने नव्हे, तर पाढ्यांनी होत. पूर्ण संख्यांच्या पाढ्यांबरोबर पावकी (१/४), निमकी (१/२), पाऊणकी (३/४), सवायकी (१ १/४), दिडकी (१ १/२), अडीचकी (२ १/२) आणि औटकी (३ १/२) मुलांकडून पाठ करून घेत. 'औट' म्हणजे साडेतीन. पाऊणकीत एकाला पाऊण, दोनाला दीड, तिनाला सव्वादोन, चाराला तीन, पाचाला पावणेचार, सहाला साडेचार असा क्रम जातो. या पाढ्यांची उत्तरे अंश-छेदांत न येता पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, साडे अशा शब्दांत येतात, त्यामुळे संक्षेप करण्याची गरजच उरत नाही. सव्वा रुपया शेर दराने सात शेरांचे किती, हे विचारताच सवायकी येणारा पावणेनऊ असे उत्तर देई.

ही पद्धत त्या काळच्या नाण्यांशी जुळलेली होती. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै असल्यामुळे पावाचा पाव नेमका एक आणा होई. सव्वा रुपया शेराने दीड शेराची किंमत ५/४ × ३/२ = १५/८ रुपये, म्हणजे एक रुपया चौदा आणे, अशी बिनबाकी निघे. तिसरा हिस्साही अडत नसे. रुपयाचा १/३ म्हणजे पाच आणे चार पै. १ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान नाणी सुरू झाली. आकडेमोड त्यामुळे सुटसुटीत झाली, परंतु पावाचा पाव सव्वासहा नव्या पैशांवर येऊन अडला आणि रुपयाचा तिसरा हिस्सा कोणत्याच नाण्यात बसेनासा झाला. पावकी-निमकीचे पाठांतर नंतर शाळांतून मागे पडले. वेळ सांगताना, दूध मोजून घेताना आणि भाजीच्या दुकानात मात्र पाव, पाऊण, सव्वा, दीड व अडीच हे शब्द दशांश अपूर्णांकांनी हटवलेले नाहीत.